प्रोटीनचा तक्ता आणि काशीदादांचं ताट

पनवेलला लोक जातात ते तिथून पुढे कुठेतरी जायला. गोवा, अलिबाग, महाड, पुणे. मी मात्र जळगावहून निघाले ती पनवेललाच उतरायला, आणि चांगली सहा दिवस राहिले. परत आल्यावर बागेतल्या बाकावर मैत्रिणींनी विचारलं, की तिथे बघण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, मरायला टेकलेल्या काही पेशी, एक म्हातारं जोडपं आणि मी स्वतः, तेवीस वर्षांची. त्यांना वाटलं हिला ह्या वयात प्रवास मानवला नाही. म्हणून नीट लिहून काढते.

जायला कारणं दोन. एक, माझी नात गार्गी तिथल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते आणि गेल्या दोन दिवाळ्यांना घरी आलेली नाही. दुसरं, हिराबायचा फोन. हिरा ही माझी पनवेलची जुनी शेजारीण, कोळीवाड्याच्या तोंडाशी आमची बिऱ्हाडं समोरासमोर होती. नोकरीच्या बदल्यांनी आम्ही तिथून हललो, पण फोन सुटला नाही. या वेळी ती म्हणाली, "वयनी, यांना बघून जा गो. अंगावरचं मास उतरलंय नुसतं. जेवतच नाय." काशीदादा म्हणजे तिचे यजमान. उरणच्या किनाऱ्यावर होडी चालवलेला, एका हाताने पाटी डोक्यावर चढवणारा माणूस. त्यांना कंपवाताचा आजार झालाय हे मला माहीत होतं. जेवत नाही, हे नवं होतं.

नवीन पनवेल

गार्गी नवीन पनवेलमध्ये दोन मैत्रिणींबरोबर राहते. इमारती इतक्या सारख्या की पहिल्याच सकाळी दूध आणायला गेले आणि परत येताना भलत्याच इमारतीचा तिसरा मजला चढले. दार उघडणाऱ्या बाईंनी, माझी घाबरगुंडी बघून, आधी बसवलं, पाणी दिलं, शेवयांची खीर दिली, आणि मग विचारलं की तुम्ही कोण. यजमान आखातात, मुलं शाळेत, त्यांनाही कोणीतरी हवंच होतं. जळगावात मी अनोळखी बाईला दारातून पत्ता सांगून वाटेला लावलं असतं. अर्ध्या तासाने गार्गी मला शोधत खाली फिरत होती आणि मी वरून खिडकीतून तिला हात करत होते.

हे सगळं नगर माझ्या डोळ्यांदेखत कागदावर उमटलं. माझे यजमान त्या आखणीच्या खात्यात होते, घरी नकाशे आणायचे. चिखल आणि भातखाचरांवर पेन्सिलीने चौकोन काढलेले. मी ताजी ताजी बी. एस्सी. झालेली, सगळ्या विषयांत मत असलेली सून. ते चौकोन बघून मी म्हटलं होतं, इथे राहायला येणार कोण, बेडूक? आता माझीच नात तिथल्या एका चौकोनात राहते आणि तिचं वॉशिंग मशीन मला चालवता येत नाही.

त्या सुनेबद्दल आणखी सांगते, कारण पुढे तिचा संबंध आहे. पनवेलला आली तेव्हा ती सुकट वाळत घातलेल्या गल्लीतून पदर नाकाला लावून, डोळे मिटून चालायची. एकदा डोळे मिटल्यामुळेच जाळ्यात पाय अडकून बोंबलांच्या वळणीवर पडली. तिला उचलली हिराने. घरी नेऊन पाय धुतले, आणि चुलीवरच्या तव्यावरची सुकटीची चटणी तांदळाच्या भाकरीवर घालून पुढे केली. सून म्हणाली, आम्ही खात नाही. मग तिने खाल्ली. पुढे दोन वर्षं ती आठवड्यातून तीनदा खात होती आणि यजमानांना पत्ता नव्हता. वेलची चघळून घरी जायची. वेलची कमी पडायला लागली तेव्हा त्यांनी वाण्याला दोष दिला.

प्रयोगशाळा

दुसऱ्या दिवशी गार्गी मला कामावर घेऊन गेली. आत जाण्याआधी चपला काढायच्या, दुसऱ्या घालायच्या, पांढरा कोट, हातमोजे. थोडक्यात, आमच्या आजेसासूबाईंचं सोवळं. फरक एवढाच की इथे कारण विचारलं तर सांगतात.

मी एक घोटाळा केलाच. दुपारसाठी शेवभाजीचा डबा आणला होता, तो खराब होऊ नये म्हणून समोर दिसलेल्या फ्रिजमध्ये ठेवला. अर्ध्या तासाने तिच्या सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या फ्रिजात माणसाच्या पेशींचं खाणं ठेवतात म्हणे, गुलाबी रंगाच्या बाटल्यांत. माझ्या डब्याचा खान्देशी लसूण सगळीकडे पोचला होता. फ्रिज रिकामा करून पुसावा लागला. गार्गी एक शब्द बोलली नाही, आणि हे तिच्या आजोबांवर गेलंय.

मग तिने मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. आधी निरोगी मज्जापेशी दाखवल्या. काळ्या पडद्यावर हिरवे झगझगीत ठिपके आणि प्रत्येक ठिपक्यातून निघालेला लांबच लांब तंतू, एकमेकांकडे हात पसरल्यासारखे. मी कितीतरी वेळ डोळा लावून बसले. नंतर दुसरी तबकडी. त्याच पेशी, पण तंतूंवर गाठी पडलेल्या, मध्येच तुटलेले. काही ठिपके विझलेले.

"ह्यांना काय झालं गं?" मी विचारलं.

"आतलं प्रोटीन चुकीचं दुमडलं," ती म्हणाली.

तिने जे सांगितलं ते मला कळलं तसं सांगते. आपल्या शरीरातलं प्रत्येक प्रोटीन आधी एक लांब माळ असते, सुट्या मण्यांची. माळ ओवून झाली की ती आपली आपण वळते, मुरडते, दुमडते आणि ठरलेल्या आकारात बसते. आकार बसला तरच ती कामाची. कधीकधी आकार चुकतो. मग जो चिकट भाग आत दडायला हवा तो बाहेर येतो. तो शेजारच्या माळेला चिकटतो आणि तिलाही आपल्यासारखी वेडीवाकडी करतो. दोनाच्या चार होतात. पेशीत डागडुजी करणारी प्रोटीनं असतात, ती चुकलेल्या माळेला परत आकारात बसवायला बघतात. नाही जमलं तर तोडून टाकणारी यंत्रणा असते. तरुणपणी हे सगळं चोख चालतं. वय झालं की सफाई मंदावते, गुंते साचतात. लहान गुंते पेशीच्या पातळ पडद्याला भोकं पाडतात, पेशीला बळ पुरवणाऱ्या भट्ट्या विझवतात. लांब तंतूतून जो माल शेवटपर्यंत पोचायला हवा तो वाटेतच अडतो. पेशी उपाशी राहते, थकते, शेवटी मरते. काही गुंते शेजारच्या पेशीत जाऊन तिथेही तेच सुरू करतात. कातडीची पेशी मेली तर दुसरी येते. मज्जापेशी गेली की तिची जागा रिकामी. कंपवातात हे विशेषतः मेंदूच्या ज्या भागात होतं तो हालचालीला लागणारं रसायन बनवतो. हात थरथरताना दिसेपर्यंत तिथल्या पुष्कळ पेशी गेलेल्या असतात.

मी विचारलं, मग ते मोठाले ढीगच पेशीला मारतात ना? ती म्हणाली, "आजी, तेच नक्की माहीत नाही. कदाचित छोटे गुंतेच खरे मारेकरी, आणि ढीग म्हणजे पेशीने बिचारीने कोपऱ्यात लोटून ठेवलेला केर. आमच्यात यावर भांडणं चालतात."

'माहीत नाही' हे ती इतकं सहज बोलली की मी तिच्याकडे बघत राहिले. त्या पेशींना दर दोन दिवसांनी खाणं घालावं लागतं, रविवार असो की सण. तिच्या दोन दिवाळ्या तिथे गेल्या. मी फोनवर रुसले होते, तुला घरची ओढच नाही म्हणाले होते. तबकडी परत उबेत ठेवताना ती झाकणावर हात धरते, बाळाच्या डोक्यावर धरावा तसा. तो पाहिल्यावर मी रुसवा आवरता घेतला.

खांदा कॉलनी

हिरा आता मुलाकडे खांदा कॉलनीत राहते. मुलगा आणि सून दिवसा कामावर. दार उघडून तिने मला मिठी मारली आणि पहिलं वाक्य बोलली, "किती म्हातारी झालीस गो." मग मागे बघितलं. काशीदादा खुर्चीत बसले होते. खुर्ची जुन्या घरातलीच असेल, पण आता तीत आणखी एक माणूस मावला असता. उजवा हात मांडीवर, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासल्यासारखे हलत होते.

जेवायला भात, दुधीची भाजी आणि कोकमाचं सार. मी ताटाकडे बघितलं. ज्या घरात चुलीवर मासळी नसेल तर कोणी आजारी आहे का असं शेजारी विचारत, त्या घरात दुधी. ना आमटी, ना दही. दादांनी चार घास भात चिवडला, सांडला, ताट बाजूला सारलं आणि हळूहळू गॅलरीत जाऊन बसले.

मी त्यांच्या मागे गेले. काय दादा, हिराच्या हाताची चव गेली का, म्हणून छेडलं. त्यांनी नजर खालच्या रस्त्याकडे वळवली. मग हलक्या आवाजात बोलले. सात महिन्यांपूर्वी सगळे जेवायला बसले असताना त्यांना काटा काढता आला नाही. हात ऐकेना. काटा घशात अडकला, ठसका, उलटी, मुलगा-सून धावले. "त्याच आठवड्यापासून इनं मावरं बंद केलं," ते म्हणाले. "आमी कोळी, वयनी. दोन वर्साचं पोर काटा काढतं आमच्यात. माझी लाज झाकली तिनं. मी कशाला विचारू? आणि ते दुधीचं काय घशाखाली जात नाय."

मी आत गेले. हिरा भांडी घासत होती. विचारलं, मासळी का गं बंद केलीस? तिने गॅलरीकडे पाहिलं, नळ मोठा केला आणि मला बाथरूमच्या पॅसेजमध्ये ओढलं.

तिने सांगितलं, सात महिन्यांपूर्वी आजार कळला तेव्हा तिने डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं होतं, असं होतं कशानं? त्यांनी सोप्या भाषेत सांगितलं, की मेंदूत एक प्रोटीन साचतं आणि त्याने पेशी मरतात. हे तिने घरात कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला तर नाहीच. डोक्यात काही मरतंय हे ऐकून तो माणूस खचला असता.

"मग मी सगळं बंद केलं," ती म्हणाली. "मासे, अंडी, डाळी, दूध, शेंगदाणे. बरोबर ना? यातलं काय राह्यलं नाय ना गो?"

ती यादी मी ओळखली. त्याच क्रमाने, त्याच दमात म्हटलेली.

तेवीस वर्षांच्या त्या सुनेने कोळीवाड्यात चौरस आहाराचे वर्ग घेतले होते. मोठ्या पुठ्ठ्यावर रंगीत तक्ता, हातात छडी. प्रोटीन म्हणजे मासे, अंडी, डाळी, दूध, शेंगदाणे, पाठ करा. चार वर्गांनंतर बाया येईनात. सून यजमानांना म्हणाली, ह्या लोकांना शिकायचंच नाही. भरतीची वेळ आणि वर्गाची वेळ एकच आहे हे कळायला तिच्या डोक्यात जागा नव्हती. एकटी हिरा शेवटपर्यंत आली. आणि त्या बाईसाहेबांनी तिला मासळीची पाटी दाराबाहेर ठेवायला लावून आत मासे किती पौष्टिक ते शिकवलं. माझी एकुलती एक विद्यार्थिनी. तिने पन्नास वर्षं धडा लक्षात ठेवला आणि त्यावरून नवऱ्याला उपाशी ठेवला.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी कशी खाऊ त्याच्यासमोर?"

मला म्हणाली, कोणाला बोलू नको, शप्पथ. मी शपथ घेतली. माझ्या शपथांबद्दल जाणकारांना माहीत आहे.

पुन्हा खांदा कॉलनी

दुसऱ्या दिवशी गार्गीला बरोबर नेलं. आदल्या रात्री तिला सगळं सांगून टाकलं होतं आणि ती माझ्यावर हसेल अशी वाट बघत होते, ती हसली नाही. म्हणाली, आजी, तुझा तक्ता चुकीचा नव्हता, आणि डॉक्टरही चुकले नाहीत. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव आहे, आणि ते वेगळेपण सांगायला मध्ये कोणी नव्हतं.

चहा झाल्यावर मी काशीदादांसमोर बसून मोठ्याने विचारलं, गार्गी, ह्यांच्या मेंदूतलं प्रोटीन मासे खाऊन वाढतं का? हिराने माझ्याकडे असं पाहिलं की मी पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिला घाबरले.

गार्गी दादांच्या पायाशी खाली बसली. तिला जाळ्याबद्दल काही कळत नाही, म्हणून तिने त्यांनाच विचारलं, आजोबा, होडीत जाळं चुकीचं गोळा केलं तर काय होतं? दादा म्हणाले, ते गुंततं. शेजारच्या जाळ्याला धरतं, मग त्याला पण गुंतवतं. वल्हं अडकतं, होडी जागची हलत नाही. ती म्हणाली, तुमच्या डोक्यातल्या काही पेशींत असंच झालंय. शरीर स्वतःच जे जाळं विणतं, ते नीट गोळा होत नाहीये. पण मासा खाल्ला की तो पोटात विरघळतो, धागान् धागा सुटा होतो. त्या सुट्या धाग्यातून शरीर आपलं जाळं विणतं. मासा उठून मेंदूत जात नाही.

दादांनी मांडीवरचा हात उचलून डोळ्यांसमोर धरला. मग म्हणाले, "म्हंजे गुंता माझ्यात हाय. मावऱ्याचा काय दोस?"

मग ते हिराकडे वळले. "तू काट्यासाठी बंद केलंस ना?"

"कसला काटा?" हिरा म्हणाली.

ती खरोखर विसरली होती. घशातला काटा, ठसका, उलटी, काही तिच्या लक्षात नव्हतं. तिच्यासाठी तो पन्नास वर्षांतल्या हजारो जेवणांतला एक ठसका होता. दादा सात महिने त्या एका जेवणात बसून राहिले होते.

हिराने पदर तोंडाला लावला. दादा म्हणाले, "मना वाटलं, तुला माझी लाज वाटते." हिराने त्यांच्या दंडावर एक चापट मारली, जोरात, आजारी माणसाला मारतात त्यापेक्षा जोरात.

पुढे गार्गीने आणखी एक सांगितलं. कंपवाताची गोळी आणि जेवणातल्या प्रोटीनचे हे सुटे धागे आतड्यातून आत जायला एकच दार वापरतात. दोन्ही एकदम आले की गोळी मागे राहू शकते. हिरा गोळी जेवणाबरोबरच द्यायची, रिकाम्या पोटी औषध उष्ण पडतं म्हणून. पण गार्गी म्हणाली की वेळ मी ठरवणार नाही, डॉक्टर ठरवतील. संध्याकाळी आम्ही चौघं त्यांच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी दादांचं वजन केलं आणि कपाळाला हात लावला. गिळता येतंय ना, ते तपासलं, गोळी जेवणाच्या तासभर आधी घ्यायला सांगितली, आणि मासळी, डाळ सगळं सुरू करा म्हणाले, काटे सांभाळून. दुधीचं काय, असं दादांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तुमची मर्जी. पनवेलमध्ये त्या दिवशी इतका सुखी माणूस दुसरा नसेल.

आपटा

हिराची बहीण पाताळगंगेच्या काठी आपट्याला असते. मासळी पहिल्यांदा तिच्याकडेच खायची असं हिराने ठरवलं, कारण सुनेसमोर दादा लाजतील. आम्ही रिक्षाने गेलो. वाटेत कर्नाळ्याचा सुळका अंगठा दाखवल्यासारखा उभा होता. जळगावला आमच्याकडे डोंगर लांब, सपाट आणि शहाणे असतात. इथले खोडकर आहेत, मला आवडतात. आपट्याला नदी रुंद आणि संथ, काठावर होड्या पालथ्या, बायका खडकांवर कपडे धूत होत्या. अंगणात बसून मी वारा खाल्ला आणि हिराच्या बहिणीच्या कोंबड्यांशी वाद घातला.

गोळी साडेअकराला. हिराने घड्याळ समोर धरून दिली. साडेबाराला पानं वाढली. तांदळाची भाकरी, भात, बोईचं कालवण, आणि प्रत्येकाला तळलेली एक अख्खी बोई.

खरं सांगायचं तर आजार बरा झालेला नाही. गार्गीने मला स्पष्ट सांगितलंय, गेलेली पेशी परत येत नाही, आणि उरलेल्या वाचवायचं औषध अजून कोणाकडे नाही. तिचे लोक शोधताहेत. त्या दिवशीही दादांचा हात थरथरत होता. फक्त मी पहिल्या दिवशी पाहिला तितका नाही.

त्यांनी मासा पुढे ओढला. बोटाने पाठीवरची कातडी सोडवली. हिराचा हात दोनदा पुढे गेला, तिसऱ्यांदा तिने तो स्वतःच्याच मांडीखाली दाबला. आम्ही कोणी जेवायला सुरुवात केली नव्हती. गार्गी श्वास धरून बघत होती, तबकडीकडे बघते तशी. शेपटाकडून सुरुवात करून, थांबत, पुन्हा धरत, दादांनी मधला काटा अख्खा वर उचलला आणि ताटाच्या कडेला ठेवला. मग बारीक काटे, एकेक. कालवणावर साय धरली तोवर.

शेवटी त्यांनी पाठीचा जाड तुकडा उचलला आणि तो हिराच्या ताटात ठेवला. वाटेत अर्धा भातावर सांडला, तो पुन्हा उचलला.

"आधी तुमी खा," हिरा म्हणाली.

"सात महिने तू पण नाय खाल्लंस. मना काय डोळे नायत?"

हिराने तो तुकडा खाल्ला. चावता चावता म्हणाली, मीठ कमी पडलंय. तिच्या बहिणीने आतून विचारलं, कशात? हिरा म्हणाली, कशात नाय, आण आणखी एक बोई. दादांनी मान खाली घातली आणि दुसरी बाजू सोडवायला घेतली.